वाराचं दूध

साताऱ्याच्या मैदानावर मुलींच्या आठशे मीटरच्या अंतिम शर्यतीला आठजणींची नावं पुकारली गेली आणि रेषेवर उभ्या राहिल्या तिघी. बाकीच्यांपैकी कुणाचा पाय मुरगळला होता, कुणाच्या पोटात कळ आली होती, एकीचं तर म्हणे गावाकडे कुणी वारलं होतं. थोड्या वेळापूर्वी दिल्लीची उत्तेजकांच्या तपासणीवाली माणसं गाडीतून उतरली होती, त्यांच्या हातातल्या पेट्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या, आणि तेव्हापासून मैदानावर दुखण्यांची साथ आल्यासारखी झाली होती. राणी खरात त्या तिघींतली एक. ती दुसरी आली. रुपेरी पदक गळ्यात पडलं तेव्हा कुणी ओलं पोतेरं टाकल्यासारखं तिला वाटलं.

शर्यतीआधी ती मुलींच्या संडासात जाऊन आली होती. तिथल्या मोरीच्या जाळीत सुया अडकल्या होत्या. कापसाचे रक्ताळलेले बोळे, आणि एका फुटक्या बाटलीवर घोड्याचं डोकं छापलेलं. पाणी तुंबून वर आलं होतं आणि त्यावर ते सगळं तरंगत होतं. राणी नाकाला ओढणी लावून तशीच माघारी फिरली.

शर्यतीनंतर तिलाही तपासणीला नेलं. एक बाई समोर उभी, तिच्या देखत भांड्यात लघवी करायची. लाजेनं राणीला होईना. बाटल्यांवर बाटल्या पाणी पिऊन शेवटी झालं. बाहेर येताना तिच्या मनात आलं, हे असलं लाजिरवाणं काम, पण आज मैदानावर एवढंच काय ते स्वच्छ झालं.

त्याच दुपारी तिच्याच गावचा आणि तिच्याच कॉलेजचा विश्वजित मॅटवरची कुस्ती जिंकला आणि जिंकल्या जिंकल्या दिसेनासा झाला. कॉलेजच्या बसमागे लपून बसलेला सापडला. कॉलेजचे जिमखान्याचे शंभूराज सर तपासणीवाल्यांशी बराच वेळ हुज्जत घालत होते, पोराला ताप आहे, पोरगा लाजाळू आहे, असं काहीबाही सांगत होते. शेवटी विश्वजितनं नमुना दिला. महिन्याभरानं राणीचा अहवाल आला, त्यात काही नव्हतं. विश्वजितच्या अहवालात एक औषध निघालं. माणसांचं नव्हे, जनावरांचं. घोड्याबैलांच्या अंगावर मांस चढावं म्हणून टोचतात ते.

राणीचं गाव खरातवाडी, कुपवाडच्या पलीकडे, माळाच्या कडेला. निम्मं गाव धनगरांचं. बापजाद्यांनी मेंढरांमागे जन्म काढला, आता कालव्याचं पाणी आल्यावर जो तो रानाला चिकटला. उरलेलं निम्मं ऊसवाल्या बागायतदारांचं, घरटी एकजण पलटणीत. गावात एक जुनी रीत होती. जो पैलवान पुढे निघेल त्याचा खुराक गावानं चालवायचा. दुधाचे वार घराघरांत वाटून दिलेले. ज्याच्या घरी वार, त्याच्या म्हशीची सकाळची धार पैलवानाची. त्यातलं चहापुरतं जरी घरात ठेवून घेतलं, तरी पैलवानाच्या अंगातलं काढून घेतल्याचं पाप लागतं असं बायका म्हणत.

विश्वजित सांगलीला कॉलेजात गेला तरी रीत मोडली नाही. गावचा आकाराम कुपवाडच्या एका कारखान्यात वेल्डर होता. पहाटे मोटारसायकलच्या हँडलला किटली अडकवून तो आधी सांगली गाठायचा, तालमीच्या दारात ती ठेवायचा आणि उलटा फिरून कामावर जायचा. संध्याकाळी रिकामी किटली माघारी आणायची, हेही त्याच्याकडेच.

सोमवारचा वार धोंडुबाईचा, म्हणजे राणीच्या आजीचा. नवरा तात्याबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा-सून विट्याला यंत्रमागावर, नात सांगलीला वसतिगृहात. घरी म्हातारी आणि एक म्हैस. वार मिळाला तेव्हा म्हातारीला आभाळ ठेंगणं झालं. सोमवारी ती कोरा चहा प्यायची. पुढे पुढे इतर दिवशीही कोराच प्यायला लागली, म्हणायची, जिभेला सवय लागली की सोमवारचं अवघड वाटत नाही. डेअरीवर रांगेत उभी राहिली की शेजारणीला सांगायची, "माझ्या म्हशीचं दूध कुस्ती खेळतंय, बाई."

तिची किटलीही वेगळी ओळखू यायची. तात्याबानं जतच्या बाजारातून आणलेली, पोटावर त्याचं नाव घातलेलं, आणि बुडाला एक पोचा. पूर्वी किटली परत आली की काठाला साय वाळलेली असायची. गेल्या वर्षापासून ती लख्ख धुऊन यायला लागली. पोराला वळण लागलं, असं धोंडुबाईनं कौतुकानं गल्लीभर सांगितलं होतं.

अहवालाची बातमी पेपरात आली आणि गाव हबकलं. विश्वजितचे वडील नाथाजी, पलटणीतून सुभेदार होऊन आलेले, दूध डेअरीचे चेअरमन. त्यांनी शंभूराज सरांना सोबत घेऊन वकील गाठला. वकिलानं सांगितलं, की मुलानं जाणूनबुजून घेतलं असं धरलं तर चार वर्षं बंदी. चार वर्षांनी पोलीसभरतीचं वयही जाईल आणि खेळाडूंच्या कोट्यातली जागाही. पण नकळत पोटात गेलं, कुठून गेलं ते दाखवता आलं, तर शिक्षा बरीच उतरते. तेव्हा कुठून गेलं, ते ठरवा.

ते ठरवायला बिरोबाच्या देवळात बैठक बसली. औषध जनावरांचं, पैलवानाच्या पोटात दूध जनावरांचं, तेव्हा दुधातून गेलं हे सगळ्यांना लगेच पटलं. प्रश्न एवढाच होता, की कुणाच्या. सुभेदारांच्या गोठ्यात आठ म्हशी, पण चेअरमनच्याच दुधात खोट निघाली तर डेअरी बुडेल. दुसऱ्या एकाचं दूध पुण्याला जात होतं. तिसऱ्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं. असं करत करत बोट सोमवारवर येऊन थांबलं. एकटी बाई, एक म्हैस. तिचं काय जातंय, असं कुणीतरी म्हणालं आणि ते वाक्य बैठकीतल्या सगळ्यांना एकदम सोयीचं वाटलं.

राणीला हे आकारामनं फोनवर सांगितलं. शनिवारची पहिली एसटी धरून ती गावाला आली. आजी गोठ्याच्या उंबऱ्यात बसली होती. चुलीवर काही नव्हतं. म्हैस रवंथ करत होती आणि म्हातारी तिच्याकडे अशी बघत होती, जशी माणसं घरातल्या अपराधी माणसाकडे बघतात.

राणीनं सुभेदार सहीसाठी ठेवून गेलेला कागद घेतला आणि मोठ्यानं वाचला. दूध वाढावं म्हणून मी माझ्या म्हशीला, शर्यतीच्या बैलांना देतात ती सुई कुणालाही न सांगता टोचून घेतली, आणि त्या काळातलं दूध पैलवानास पाठवलं, असं त्यात होतं.

"असं तू केलंस, आजी?"

"आसं न्हाई केलं."

"मग?"

"सुई मातुर टोचली व्हती. व्याली तवा उठंना, डाक्तर आला, त्यानं टोचली. कशाची व्हती, म्या कुठं इचारलं?"

राणीनं तिला समजावलं. ते कॅल्शियम असतं, व्यायलेल्या म्हशी बसतात तेव्हा देतात, अख्ख्या तालुक्यात देतात, त्याचा आणि या औषधाचा काडीचा संबंध नाही. म्हातारी ऐकून घेत होती, पण तिच्या कानापलीकडे काही जात नव्हतं. शेवटी ती म्हणाली, की विश्वजित येऊन गेला. पायावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. आजी, तुझ्या दुधावर वाढलो, आता तूच वाचीव, म्हणाला.

"पोर खोटं रडत नव्हतं, राणे. मला कळतं. माझं दूध पिऊन पोर नासलं. कागदावर कसं का लिव्हलं आसंना, नासलं ते माझ्या दुधानंच."

विश्वजित खोटा रडला नसणार हे तिलाही ठाऊक होतं. चार वर्षांसाठी कुणीही खरंच रडेल. पण कॉलेजच्या कँटीनमध्ये त्याच्या शेजारच्या बाकावर ती बसत आली होती. त्याचे ते काळे डबे, त्यांवर सिंह, वीज, फुगलेले दंड. त्यातल्या पावडरीचा तो गोड वास, आइस्क्रीमच्या दुकानामागच्या गटाराला येतो तसला. एकदा त्यानं तिलाही चमचाभर दिली होती. घे, दोन सेकंद तरी कापशील. तिनं जिभेवर घेतली आणि दिवसभर तिला त्याच वासाच्या ढेकरा येत राहिल्या. बैलगाड्यांच्या शर्यती करणाऱ्या पोरांबरोबर तो गाडीवरून कुठे कुठे जायचा, हेही तिला माहीत होतं. सगळ्या कॉलेजला माहीत होतं. शंभूराज सरांना तर नक्कीच माहीत होतं, कारण डबे त्यांच्याच खोलीतून वाटले जात.

हे सगळं तिनं आजीला सांगितलं. म्हातारीनं मान हलवली आणि म्हणाली, "डबं आसतील. पर दूध बी प्याला आसंलच न्हवं?"



सही कधी करायची, हे धोंडुबाईनंच ठरवलं होतं. वकील आठवडाभर साताऱ्याला होता, तो आला की, हा सोमवार सोडून पुढच्या सोमवारी, सांगलीच्या कोर्टात. आपला वार आहे, त्या दिवशी केलेलं आपल्या नावावर नीट बसेल, असं तिचं म्हणणं.

मधल्या सोमवारी पहाटे राणी सांगलीला परतली आणि सरावाला गेली. पाय चालत नव्हते. सराव संपल्यावर नेहमीप्रमाणे ती तालमीच्या भिंतीमागच्या टपरीवर आली. टपरी सयाजीची. तिथला चहा अख्ख्या मैदानावर नावाजलेला होता, घट्ट, वर साय धरणारा. राणी मैत्रिणींना सांगायची, गावाकडच्यासारखा लागतो. सयाजीनं बाकड्याखालून किटली काढली आणि उकळत्या चहात दूध ओतलं. किटलीच्या बुडाला पोचा होता.

राणीनं पुढे होऊन ती फिरवली. पोटावर आजोबांचं नाव.

"ही कुठनं आली, सयाजीमामा?"

त्याला लपवण्यासारखं काही वाटलं नाही. रोज येते की, म्हणाला, रोज वेगवेगळी. पैलवान आणून देतो. त्याला दूध चालत नाही, पोट फुगतं म्हणतो, वासानंसुद्धा मळमळतं. डब्यातलं खाऊन आतडं नाजूक झालं असेल. त्याच्या बदल्यात पैलवान आणि त्याचे दोस्त इथं चहा-आम्लेट खातात. संध्याकाळी धुऊन ठेवायची, एवढंच आपलं काम. वर्ष झालं की.

राणीच्या हातात पेला होता. वर्षभर ती हा चहा पीत होती, वाखाणत होती. आजी घरी कोरा चहा घोटत होती आणि तिच्या सोमवारचं दूध इथं उतू जात होतं. बाकड्यावर एक माणूस गुटखा थुंकून, चूळ भरून, त्याच तोंडानं चहा फुरकत होता. दुसऱ्यानं विडी विझवून उरलेल्या चहात टाकली. राणीनं पेला तसाच खाली ठेवला आणि टपरीमागे जाऊन ओकली.

तो आठवडा तिनं कसा काढला, ते तिचं तिला माहीत. फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. सही झाली तर आजी गुन्हेगार ठरणार, डेअरी तिचं दूध बंद करणार, बिनडोक म्हातारीनं पैलवान नासवला म्हणून पोरंसोरं बोट दाखवणार. पण तिचं दूध कुस्ती खेळलं, एवढं तिच्यापाशी राहणार. खरं सांगितलं तर आजी सुटणार, पण ते एवढंही जाणार. कधी राणीला वाटे, राहू दे, म्हातारीचं उरलंय किती आयुष्य. आणि लगेच असं वाटल्याची तिला किळस येई, कारण हे वाक्य देवळातल्या बैठकीतल्या वाक्याच्या भावकीतलंच होतं.

सांगायचं कसं, हेही तिला येईना. मग तिला वाटलं, सांगायचं कशाला.

पुढच्या सोमवारी आजीला आणायला ती आदल्या दिवशीच गावाला गेली. पहाटे धोंडुबाईनं धार काढली. आज तिनं फेसही खाली बसू दिला, किटली गळ्यापर्यंत भरली, आकारामच्या हँडलला स्वतः अडकवली आणि वर फडकं बांधलं. निकालापर्यंतची तात्पुरती बंदी आली होती, तरी गावानं खुराक थांबवला नव्हता. पोर खचलंय, आता तर जास्त लागेल, असं ठरलं होतं. मग तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, कपाळाला बुक्का लावला आणि नातीबरोबर एसटीत बसली. कुपवाड मागे पडल्यावर एकदाच बोलली, की सही अंगठ्यानं चालते का, कारण नाव काढताना हात थरथरला तर उगाच अडायचं.

कोर्टाकडे जायच्या आधी राणीनं तिला टपरीवर नेलं.

"चहा घेऊ, आजी."

"कोरा सांग."

"आज दुधाचा घे."

"सोमवार हाय."

राणीनं सयाजीला खूण केली. सयाजीनं बाकड्याखालून किटली काढली, वरचं फडकं सोडून खांद्यावर टाकलं आणि दूध ओतायला लागला. म्हातारीला सहीपुरतं नाव काढता येई, वाचता येत नव्हतं. तिनं आधी फडकं ओळखलं, मग पोचा. ती बाकड्यावर बसली होती, तशीच बसून राहिली. दूध ओतून झालं, चहा वर आला, सयाजीनं आच कमी केली, तोवर तिची पापणी हलली नाही.

"ही किटली कुणाची म्हणायची, बाबा?" तिनं विचारलं.

"पैलवानाची, मावशी. येते रोजची."

"त्यो पीत न्हाई?"

"छ्या. त्याला वाससुद्धा सोसत न्हाई."

"थेंब बी न्हाई?"

"वरीस झालं. थेंब बी न्हाई."

राणीनं आजीचा हात धरला होता. आता ती कोसळेल, रडेल, आपल्याला शिव्या देईल, असं तिला वाटत होतं. म्हातारीनं लांब श्वास सोडला, इतका लांब, की सयाजीनं वळून पाहिलं.

"म्हंजी पोर माझ्या दुधानं न्हाई नासलं," ती म्हणाली.

दहा दिवसांत पहिल्यांदाच तिच्या खांद्यातला ताठा उतरला. पण तो सुटकेचा क्षण फार टिकला नाही. तिची नजर टपरीभर फिरायला लागली. उष्ट्या पेल्यांची परात, तिच्यातलं पांढुरकं पाणी, काठावरच्या माश्या, विडीची थोटकं. हे सगळं तिनं एकेक करून बघितलं. राणीला वाटलं, वर्षभराचे सगळे सोमवार म्हातारी त्या परातीत मोजते आहे.

सयाजीनं पेला पुढे केला. धोंडुबाईनं तो घेतला आणि सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्याली.

"ग्वाड हाय," ती म्हणाली. मग किटलीकडे हात केला. "ही माझी हाय. उरलंय ते तुझ्या पातेल्यात वत. तू निदान तान्हेल्या माणसाला पाजतोस. आन् धुऊ नगंस."

सयाजीला काही कळलं नाही. त्यानं दूध ओतून घेतलं आणि किटली दिली. राणीनं ती हातात घ्यायला पाहिली, पण म्हातारीनं दिली नाही.

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली सगळे तयारच होते. सुभेदार, शंभूराज सर, कागद टाइप करणारा माणूस, आणि विश्वजित; वकील आत कोर्टात होता, सही झाली की येणार होता. अंगाला घट्ट बसलेला टी-शर्ट, मान मांडीइतकी जाड, आणि कपाळावर पुटकुळ्यांचं पीक. तो पुढे येऊन आजीच्या पाया पडला. सर राणीला बघून म्हणाले, की बरं झालं तू आणलंस, विद्यापीठाच्या निवडीच्या वेळी असा संघभाव आम्ही लक्षात ठेवतो. राणीला वाटलं, सरांचा हात आपल्या खांद्यावर नाही, मानेवर पडलाय.

धोंडुबाईनं किटली लुगड्याच्या पदराआड धरली होती.

"इश्वा," ती म्हणाली, "सही करते. पर आधी एक सांग. माझ्या म्हशीचं दूध कसं लागायचं रं?"

"लय ग्वाड, आजी. अमृत."

"साय धरायची?"

"बोटभर."

"मागल्या सोमवारी प्यालास?"

"एका दमात. तुझी शपथ."

म्हातारीनं पदर बाजूला केला आणि किटली टाइपरायटरच्या शेजारी, त्या कागदावरच ठेवली. आत अजून ओल होती. उन्हानं वास सुटायला लागला होता आणि दोन माश्या लगेच काठावर येऊन बसल्या.

"तालमीच्या भितीमागच्या टपरीवरनं आणली," ती सुभेदारांना म्हणाली. "आजचं हाय. तुमच्या बी किटल्या तिथंच जात्यात, आवं. उद्या जाऊन बघा."

सुभेदारांनी मुलाकडे पाहिलं. विश्वजित किटलीकडे बघत होता. ऊन, ती दुधाची ओल, तो वास; त्याचा चेहरा पांढरा पडला, तो तोंडावर हात दाबून लिंबामागे गेला आणि तिथून त्याच्या ओकण्याचा आवाज आला. आवारातली माणसं वळून बघायला लागली. टाइप करणाऱ्यानं आपला कागद किटलीखालून हळूच ओढून घेतला, त्यावर दुधाचं गोल वर्तुळ उमटलं होतं.

राणीला वाटलं होतं, आता कुणाला तरी लाज वाटेल. सुभेदारांचे ओठ हललेही. पण पहिले बोलले ते शंभूराज सर, शांतपणे, वर्गात शिकवल्यासारखे. दूध प्रत्यक्षात कुणी प्यालं हा वेगळा मुद्दा आहे, म्हणाले. कागदावर काय येतं ते महत्त्वाचं. मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे. धोंडुबाईंनी मन मोठं करावं. त्यांचं यात जातंय काय?

"माझी म्हस," धोंडुबाई म्हणाली. "तिच्या अंगावर म्या खोटी सुई घालू व्हय? मुकं जनावर. इचारलं तर तिला न्हाई म्हणाय बी यायचं न्हाई."

तिनं किटली उचलली आणि चालू लागली. सुभेदार जागच्या जागी उभे होते. राणी आजीमागे निघाली तेव्हा सरांचा आवाज दोघींच्या कानावर आला. आवाज जराही चढला नव्हता.

"सुभेदार, तो दूध आणणारा, वेल्डर, कुठल्या कारखान्यात आहे? वाटेत थांबायची सवय असेल त्याला. किटली उघडी ठेवली असेल, कुणी काही मिसळलं असेल. बोलवा त्याला."

आजीची जागा रिकामी झाली होती आणि तिथं दुसरं माणूस बसवायला त्यांना चहा पिण्याइतकाही वेळ लागला नव्हता. दोघी एसटी स्टँडकडे चालत राहिल्या. पदक कुठे ठेवलंय ते राणीला आठवत होतं, पेटीत, तळाला. परत गेल्यावर ते बाहेर काढायचं आणि सरांच्या टेबलावर ठेवायचं, की नुसतं निवडीला जायचंच नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं. दोन्हीनं काही फरक पडणार नव्हता, हे मात्र तिला कळत होतं.

बाकावर बसल्यावर धोंडुबाई म्हणाली, "आकारामला फोन लाव. म्हणावं, आज सांगलीकडं फिरकू नगंस."

राणीनं लावला. पलीकडे कारखान्याचा खणखणाट, मग आकाराम बाजूला येऊन बोलला. सुभेदारांचा फोन येऊन गेला, म्हणाला. सुटी टाकून लगेच कोर्टात बोलावलंय. एक सही हवी आहे म्हणे.

"कसली, ते सांगितलं?" राणीनं विचारलं.

"न्हाई. म्हणाले, तुझं काय जातंय."

धोंडुबाईनं हात पुढे करून फोन घेतला. तो कानाला कसा धरायचा हे तिला नीट जमत नव्हतं, तिनं तो तोंडासमोर धरला. मांडीवर किटली होती, उघडी, आंबूस, आणि एक माशी तिच्या काठावरून हलायला तयार नव्हती.

"आकाराम, म्या बोलतीया," ती म्हणाली. "कामावरनं हलू नगंस. रोज पहाटं किटली कुणाच्या दारात ठेवलीस, आन् रोज संध्याकाळी ती कुणाच्या दारातनं उचललीस, तेवढं आधी मला सांग."

पलीकडे यंत्रं चालू होती.

"आजी," तो शेवटी म्हणाला, "टपरीवरनं."

"तुला ठावं व्हतं?"

"तुझी किटली धुतलेली बघून तू लय खूश व्हायचीस," आकाराम म्हणाला. "मला सांगवंना."

म्हातारीनं फोन राणीच्या हातात दिला. गाडी लागली होती, माणसं दारात रेटारेटी करत होती. ती उठली नाही. पदरानं तिनं किटलीचा आतला भाग पुसायला घेतला, आणि मग पुसता पुसता थांबली; लख्ख किटली तिला आता नको होती.